इवायाला मारलेला दगड

मी माझ्या इवायाला दगड मारला, हे जऊळक्यापासून किन्हीराजापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. काहून मारला, ते मात्र जो तो आपल्या मनानं सांगतो. म्हणून मीच लिहून ठेवतो. शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर वाकडं, पण आठवण सरळ आहे.

इवाई म्हणजे माझ्या पोरीचा सासरा. जऊळक्याचा. मास्तरकीतून निवृत्त झालेला, पेन्शन घेणारा, वर दहा एकराचा धनी.

त्या साली डीएपी खत मिळत नव्हतं. कुठं तरी समुद्रापार लढाई लागली होती अन थांबायचं नाव घेत नव्हती. जहाजं अडली, खताचा भाव चढला, असं टीव्हीवाले सांगत. तिकडं लोक मरत होते, इकडं जमीन ओली होऊन पेरणी खोळंबली होती. अशात तालुक्याच्या कृषी केंद्रात ट्रक येणार असल्याचा सांगावा आला. माणशी दोन बॅगा.

आमच्याकडे खताच्या रांगेत माणसं उभी नसतात, चपला असतात. पहाटे यायचं, रांगेत एक चप्पल ठेवायची, कुत्र्यानं ओढू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवायचा अन निंबाखाली जाऊन बसायचं. त्या दिवशी शटरपासून डांबरी रस्त्यापर्यंत चपला होत्या. जितक्या चपला तितके दगड. आपण प्रत्येकाच्या हाताशी एकेक दगड आणून ठेवला आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी दोन नंबर धरले. डावी चप्पल माझ्या नावाची, उजवी इवायाच्या. त्याला एवढ्या पहाटे उठायला कशाला लावायचं, म्हणून.

तो आठच्या सुमारास आला, काखेत पेपर. निंबाखाली बसून मोठ्यानं वाचू लागला. लढाई लांबली तर सरकारला खतापायी आणखी किती पैसा ओतावा लागेल, त्याची बातमी होती.

"इवाई, बॅगेवर छापलेलं असते, वाचलं का कधी?" तो म्हणाला. "शेतकऱ्याचे इतके, सरकारचे इतके. सरकारचेच जास्त."

"देऊ द्या मंग."

"सरकार म्हंजे कोण? मी. माया पेन्शनीतून टॅक्स कापते. लढाई त्यायची, बॅग तुमची, अन भरून राह्यलो मी."

लोक हसले. एक जण म्हणाला, "गुरुजी, इतकं करून राह्यले तं एकेक चहा बी पाजा."

मी म्हणालो, "मी काय फुकटात जगून राह्यलो? टायरावर टॅक्स, फवारणीच्या औषधावर टॅक्स. उद्या मेलो तं मयताच्या सामानावर बी घेतीन."

"तो तं सारेच देते. मी इन्कम टॅक्स म्हणून राह्यलो. तुमाले नाही समजणार ते."

पोर दिली तेव्हापासून हे मी ऐकत होतो. पोरीच्या बापानं इवायाशी नडायचं नसतं, म्हणून गिळत होतो.

तेवढ्यात ट्रक वळला अन सगळे आपापल्या चपलांकडं धावले. माझ्या मागं एक धिप्पाड गडी होता. त्यानं खाली पाहिलं.

"बुढ्या, दोन्ही चपला एकाच जोडाच्या. जोड एक, माणूस एक. दुसरा नंबर सोड."

"एक माही, एक इवायाची. विचार त्यायले."

इवायाच्या पायात त्याचे पॉलिश केलेले बूट होते. तो म्हणाला, "मी नोतं सांगतलं त्यायले. मी मागं उभा राहतो. फुकटाची सवय नाही आमाले."

गड्यानं माझी उजवी चप्पल पायानं उडवली. मी त्याची गचांडी धरली. त्यानं माझ्या कानाखाली बुक्की घातली, कान बधिर झाला, अन मी त्याच्या मनगटाला चावलो. रक्ताची चव लागली तरी सोडलं नाही. मागचे पुढं रेटत आले, चपला तुडवल्या गेल्या अन दगड हातात आले. पहिला कोणी मारला, देव जाणे. एकाचे पुढचे दात ओठातून बाहेर आले. एक जण खाली पडला, तर त्याच्या पाठीवरून लोक ट्रककडं पळाले. शटरवर दगड गारांसारखे वाजत होते. ड्रायव्हर काचा चढवून आत बसून राहिला.

माझ्याही हातात माझा दगड होता. कोणी तरी माझा दंड धरला. "सोडा, इवाई, सोडा," असं म्हणत होता. तो मला बाहेर ओढायला आला होता.

गर्दीत कोण कोणाला मारतं ते दिसलं नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. दिसलं होतं. त्याचा चष्मा दिसला, कपाळावरचा गंध दिसला. ओळखून मारला. काच फुटली अन तो दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसला. बोटांतून रक्त कोपरापर्यंत आलं. त्याला जीपमध्ये घालून वाशीमला नेलं.

मी गेलो नाही. पोलीस आले, रांग पुन्हा लागली, मी रांगेत राहिलो. बॅगेसाठी मशीनवर अंगठा लावावा लागतो; माझा रक्तानं माखलेला, मशीन घेईना. दुकानदारानं फडक्यानं पुसला, मग घेतला. दोन बॅगा घेऊन घरी आलो. हेही लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डावा डोळा गेला होता. पोलीस ठाण्याचा जमादार कागद घेऊन खाटेजवळ बसला होता. पोर दारात उभी होती.

इवाई म्हणाला, "रेटारेटीत दगड लागला, साहेब. कोणाचा, ते दिसलं नाही." अन उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. पोरीनं मला मान हलवून खुणावलं, गप राहा.

पण माझ्या मनात आलं, आता हेही याच्याच खिशातून. जन्मभर याच्या मेहेरबानीवर मान खाली घालून जगायचं.

"जमादार साहेब, लिवा," मी म्हणालो. "दगड माया होता. पाहून मारला."

"काहून बोलता, इवाई? मी मिटवून राह्यलो ना."

"तुमचं मिटवणं नाही पाहिजे मले."

पोरीनं मला व्हरांड्यात ओढलं. रडली नाही. "तुमाले गप बसता नाही आलं, बाबा?"

"खोटं बोलू काय?"

"तुमी खरं बोलसान अन घरी जासान. मले त्याच घरात राहा लागते. त्या डोळ्यात औषध मलेच टाका लागन, अन सासू रोज माया तोंडाकडं पाहीन. आता येऊ नका तुमी."

गेलो नाही. दिवाळीला तीही आली नाही. खटला चालू आहे. खरं बोललो ते बरोबरच केलं, असं मी अजून म्हणतो. तारखेला पोर सासऱ्याला घेऊन येते. त्याला डाव्या बाजूचं दिसत नाही, म्हणून डाव्या अंगानं चालते, पायरी आली की "मामाजी, पायरी," म्हणते. मी कोर्टाच्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. वकील आला की ती पदर सावरते अन सासऱ्याकडच्या बाकावर जाऊन बसते.