पेशंट तूच हो

“पेशंट तूच हो,” मॅडम म्हणाल्या. “तुला अभिनय करावा लागायचा नाही.”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

खालापूर तालुक्यातला एक सरकारी दवाखाना. मनाचा आजार गावच्या दवाखान्यातच ओळखावा, माणसाला मुंबईला हेलपाटे पडू नयेत, म्हणून आम्हा समुपदेशकांचं प्रशिक्षण. बाकीच्यांना अहो-जाहो. मला तू. मी कातकरी वाडीतली, एवढं पुरे होतं. रोज नाटुकलं व्हायचं. एक समुपदेशक, एक पेशंट. समुपदेशकाची खुर्ची माझ्या वाट्याला आलीच नाही. मी कधी दारुडी, कधी अंगात आलेली. केस सोडून घुमायचं. “अगदी खरं!” म्हणत टाळ्या.

मग मॅडमना खरा पेशंट हवा झाला. शिपायाने रांगेतून आमच्याच वाडीतल्या सोनीकाकीला आणलं. डोकं दुखतं म्हणून आली होती बिचारी. तिला सगळ्यांपुढे जमिनीवर बसवलं. खुर्ची बाजूलाच रिकामी होती.

“हिच्या अंगात येतं म्हणे. दाखव ना गं!” मॅडम तिला म्हणाल्या.

काकी माझ्याकडे बघत राहिली. डोळे कोरडे.

“कोंबड्या वाटून टाकल्या मी, बाय. समद्या.”

कुणीतरी फिसकन हसलं. मी तिच्याजवळ खाली बसून विचारलं,

“अंड्यावर बसलेली पन?”

“ती पन. अंड्यांसकट.”

आमच्याकडे बाई उपाशी राहील, पण अंड्यावरची कोंबडी कुणाला देणार नाही. पिल्लं निघेपर्यंत आपण नसणार, असं जिने ठरवलंय तीच देईल.

“ती लाजतेय,” मॅडम मला म्हणाल्या. “तूच करून दाखव.”

“नाही.”

“मग सर्टिफिकेट विसर.”

“विसरले.”

काकीला हाताला धरून उठवलं. बाहेर जांभळीखाली नेलं. सरळच विचारलं, “काकी, जीव द्यायचं मनात येतं काय गं?”

तिने मान हलवली. हो.

डॉक्टरांना तिथेच बोलावलं. त्यांचं बोलणं होईतो तिचा हात माझ्या हातात होता. औषध सुरू झालं. ती कोंबडी मी परत आणली. पिल्लं निघाली, अंगणभर फिरतात. काकी अजून त्यांच्याकडे बघत नाही. म्हणून मी रोज जाते.

पुढच्या प्रशिक्षणाला मी पुन्हा जाणार आहे. समुपदेशकाच्या खुर्चीत बसणार आहे. आता केस सोडणार नाही. आणि आमच्या माणसाला कुणी जमिनीवर बसवलं, तर तो वर्ग मी चालू देणार नाही.