कळव्याच्या पुलावर पॉइंट कोणी बसवले?

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. खरं सांगू? विश्वास ठेवायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ही गोष्ट घडली तेव्हा माझ्यात ती उरली नव्हती. इथे सगळे आपापले अनुभव लिहितात म्हणून मीही लिहितोय. हसायचं तर खुशाल हसा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी आणि माझी बायको वंदना, आम्ही कळव्याला राहायचो. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर थोड्या दिवसांनी डायलिसिस, तेही खाडी ओलांडून ठाण्यात. घरात माझ्या वडिलांची, अण्णांची, जुनी फियाट होती. अण्णा होते तोवर सुनेला तेच न्यायचे-आणायचे. ते गेले आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. मला चालवता येते, बस्स. बॉनेटखाली काय असतं ते मला कधी कळलं नाही आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

त्या गाडीचे पॉइंट म्हणजे डोक्याला ताप! डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली दोन बारीक तुकडे असतात, त्यांची उघडझाप झाली की प्लगला ठिणगी मिळते. ते सारखे काळे पडायचे आणि गाडी आचके द्यायची. अण्णा ते दर रविवारी पॉलिश पेपरने घासायचे. मधला गॅप मोजायला खरी पट्टी असते, पण अण्णा पत्त्यांच्या कॅटमधला जोकर वापरायचे. यावरून खोपटच्या चंदर मेकॅनिकशी त्यांचं कायम वाजायचं. चंदर म्हणायचा, गॅप कमी पडतो. अण्णा म्हणायचे, माझी गाडी, माझा जोकर.

अण्णांनंतर ते घासायला माझ्याकडे ना वेळ, ना जीव. शेवटी चंदरच म्हणाला, "साहेब, पॉइंट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावू. कटकटच नको." किट आलं ते नेमकं पितृपक्षात... तर हाच बाबा अडून बसला.

"एवढा पंधरवडा जाऊ द्या ना साहेब. या दिवसांत नवीन काय नाय लावत. त्यात गाडी अण्णांची."

मी भडकलोच. "अरे, डायलिसिसला पंधरवडा कळतो का? लाव गपचूप!"

लावलं बिचाऱ्याने. जुने पॉइंट कागदात गुंडाळून दिले – किटने दगा दिला तर असू द्या म्हणाला. मी ते डिकीत टाकले, कुलूप लावलं आणि विसरलो. गाडी अगदी सुतासारखी सरळ झाली. पहिल्या सेल्फला चालू!

पंधरवडा संपायच्या आतच एका दुपारी वंदनाला धाप लागली. अंगातलं पाणी छातीत साठलेलं. आडवं होता येईना, बोलता येईना. तिला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं आणि निघालो. पुलाच्या मध्यावर गाडी गपकन बंद! सेल्फ मारून मारून थकलो. उतरून बॉनेट उघडलं आणि आत नुसता बघत बसलो. मागे हॉर्नचा गोंगाट. मोबाईल कुठला तेव्हा? चावी काढून खिशात टाकली आणि रिक्षा बघायला ठाण्याच्या बाजूला धावत गेलो. एक थांबेल तर शपथ. एक थांबला, तर पेशंट म्हटल्यावर मान हलवून निघून गेला. मला रडू आलं हो, भर रस्त्यात.

परत आलो तर बॉनेट खाली. कोणीतरी लावलं असेल म्हणून बसलो, आपला एक सेल्फ मारून बघितला... गाडी चालू झाली. विचार करायला वेळ कोणाला होता? हॉस्पिटल गाठलं, तिला आत घेतलं, ती वाचली.

संध्याकाळी जरा बोलायला लागली तर म्हणते, "अहो, गाडीचं हे सगळं तुम्हाला कधीपासून यायला लागलं?"

"काय सगळं?"

"बॉनेटच्या फटीतून हात दिसत होते ना तुमचे. केवढी खुडबुड! मी म्हटलं, लवकर करा हो. तर म्हणालात, झालं, झालं पोरी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला पोरी काय म्हणता?"

वंदनाला पोरी म्हणणारा माणूस आमच्या घरात एकच होता.

दुसऱ्या दिवशी गाडी चंदरकडे नेली. त्याने डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं आणि माझ्याकडे वळला.

"साहेब, पॉइंट कोणी बसवले?"

आत जुनेच पॉइंट. डिकी उघडली तर जळालेलं किट त्याच कागदात गुंडाळून ठेवलेलं. डिकीचं कुलूप शाबूत, एकुलती एक चावी पूर्ण वेळ माझ्या खिशात. चंदरने गॅपमध्ये पट्टी घालून बघितली. "कमी आहे," एवढंच म्हणाला आणि कानाला हात लावला.

पुलावरून जाणाऱ्या कुणा भल्या माणसाने मदत केली असेल, असं मी मनाला खूप समजावलं. पण बंद डिकीतून त्याने ते काढले कसे, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.

दसऱ्याला चंदरने नवीन किट बसवलं, हार घालून, नारळ फोडून. ते उत्तम चाललं. वंदनाने पुढे काही वर्षं काढली. मग एका सकाळी पुन्हा तशीच धाप, त्याहून वाईट. तिचे डोळे बघून मला कळलं की आज आपल्या हातात काही नाही. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पूल मोकळा. आणि मी, कशावरच विश्वास नसलेला माणूस, स्टिअरिंग धरून पूल संपेपर्यंत मनात म्हणत होतो, बंद पड... बंद पड गं बाई, एकदा बंद पड.

नाही पडली.