गिलाव्यातले खिळे

मी पंचवीस वर्षांची होते, पदवीधर होते आणि वरवंट्याने भिंतीत खिळे ठोकता येतात अशी माझी ठाम समजूत होती. ठोकले. चांगले चार ठोकले. नातवंडं ही गोष्ट ऐकून हसतात, मीही हसायचे; पण गेल्या महिन्यात हिराजीदादा गेल्याचं कळलं आणि ती सांगायची मी बंद केली...

ऐंशी सालाच्या सुमाराला आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हिराजीदादा खाडीकडच्या गावातले. आमची बिल्डिंग उभी होती तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. शेत गेल्यावर ते सुतारकाम शिकले आणि त्याच बिल्डिंगमध्ये घरोघरी फळ्या, पडद्यांचे दांडे बसवू लागले. माझी स्टीलची मांडणी लावायला आले तेव्हा भिंतीवर बोटं वाजवत, कान लावून उभे राहिले. मी म्हटलं, "काय दादा, भिंतीला ताप आलाय का?" त्यांना हसू आलं नाही. "वीट कुठं न सांधा कुठं ता बघतंय, ताई. गिलावा म्हन्जे भिंतीचा सदरा. खिला सदऱ्यान नको, अंगान बसाला पायजे." विटेत छिन्नीने भोक पाडायचं, सागवानी गुट्टी सिमेंटमध्ये बसवायची, दोन दिवस सुकू द्यायची, मग त्या लाकडात स्क्रू पिळायचा. दोन दिवस! माझं हळदीकुंकू तर दुसऱ्याच दिवशी. बाहेर बसलेल्या बायकांना माझी मांडणी दिसायला नको? "परवा या," म्हणून त्यांना वाटेला लावलं आणि वरवंटा घेतला.

मांडणीने इमानाने अर्ध्या बायका येईपर्यंत वाट पाहिली. मग आली खाली. वाट्या कॉटखाली, गिलाव्याचे पोपडे तिळगुळात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "अगं बाई, कोणी लावली गं ही?" खरं बोलायला एवढासा वेळ पुरला असता. मी म्हटलं, "त्या हिराजींनी."

ठरल्याप्रमाणे दादा आले, फडक्यात गुट्ट्या बांधून. जिन्यातच कोणीतरी त्यांना ऐकवलं होतं, "धड एक मांडणी लावता येत नाही?" त्यांनी जमिनीवरचे वाकडे खिळे उचलले, माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या पातेल्यात बघत राहिले... खिळे त्यांनी खिडकीत ओळीने मांडून ठेवले, चार गुट्ट्या बसवल्या आणि जाताना म्हणाले, "दोन दिस हात लावू नको." बस्स.

दोन दिवसांनी येऊन मांडणी स्क्रूंनी पिळून गेले; त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना कोणी बोलावलं नाही. पुढे तळोज्याला एका कारखान्यात गोण्या उचलायला जायचे. सकाळी बसस्टॉपवर दिसले की मी छत्री उघडून तोंडापुढे धरायचे. ऊन असो नसो. एवढी शिकलेली बाई!

मांडणी अजून त्याच गुट्ट्यांवर आहे. भिंतीला कितीदा रंग लागला, ती तसूभर हलली नाही. रोज तिच्यावरून चहाचं तेच पातेलं काढते.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या घरी गेले. बारकूबाई, त्यांची बायको, तांदूळ निवडत होती. वरवंटा, खिळे, माझं ते वाक्य, सगळं तिला सांगितलं. मनात होतं, ती म्हणेल, जाऊ द्या, जुनी गोष्ट. तिने हात थांबवला नाही, मानही वर केली नाही.

"मना काय सांगतस? तुजे बिल्डिंगीन जाऊन सांग."