परबकाकांच्या डाव्या गालावरची रेघ

परबकाकांची दाढी रोज सकाळी अख्ख्या मजल्याच्या देखत व्हायची. गॅलरीच्या ग्रिलला आरसा अडकवलेला, खांद्यावर पंचा, कानापर्यंत फेस आणि हातात वडिलांचा वस्तरा. वडील बोटीवर होते, त्यांनी तो कुठल्याशा बंदरात घेतला होता. काका ग्रिललाच बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर तो सटासट परतवायचे आणि शेजारच्या दाराला मी धावतपळत कुलूप लावताना दिसलो की म्हणायचे, "दिनू, घाई केलंस काय रगात." हेच वाक्य ते अंधेरीच्या रिक्षावाल्यांना ऐकवत आणि लग्न ठरलेल्या पोरींनाही.

एवढा थाटमाट करून डाव्या गालावर केसांची एक बारीक रेघ राहायचीच. उजव्या गालावर ते दुसरा हात मारत, डाव्यावर कधीच नाही. काकू चहा घेऊन यायच्या, कप कठड्यावर ठेवायच्या आणि त्या रेघेवर बोट टेकवून म्हणायच्या, "इथं राहिलीय हो."

झालं, काका पेटायचे. विमानतळावरच्या कार्गोतली सगळी नोकरी त्यांनी शुद्ध मराठीत केली, पण राग आला की मालवणी. "ऱ्हवतलीच. डबो कोणी उघडल्यान?"

त्या डब्याची गोष्ट आमच्या बिल्डिंगला पाठ होती. मुलगी तान्ही असताना दूध पावडरीच्या डब्याचं झाकण काही केल्या निघेना. पोर रडून लाल झालेली. काकूंनी हाताला लागला तो वस्तरा झाकणाखाली घातला आणि उचकटला. डबा उघडला, पण धारेला तांदळाच्या कणीएवढा खांडा पडला. त्या खांड्यापुरते केस रोज सुटायचे. ती मुलगी आता दोन पोरांची आई झाली, तरी काकूंवरचा खटला चालूच होता.

शेवटी काकूच वैतागल्या. मला म्हणाल्या, "दिनू, वर्सोव्याला कुणी मुलगा आहे म्हणालास ना, जुने वस्तरे नवे करून देणारा? ह्यांना घेऊन जा एकदा. मरेपर्यंत मी हेच ऐकत बसू काय?"

गेलो. त्या मुलानं भिंगातून पातं पाहिलं आणि म्हणाला, "काका, दोन गोष्टी होऊ शकतात. नुसता गंज काढून धार लावतो, खांडा तसाच राहील. नाहीतर पातं घासून खांडाच घालवतो. पातं थोडं अरुंद होईल, पण दाढी एकदम झकास. बोला, ठेवायचा की काढायचा?"

इतकी वर्षं त्या खांड्याच्या नावानं बोंबलणारा माणूस वस्तरा तसाच खिशात घालून परत आला. मग गॅलरीत भेटेल त्याला विचारणं सुरू. वॉचमन म्हणाला, काढा. वरच्या मजल्यावरच्या कांबळेबाई म्हणाल्या, जुन्या वस्तूला हात लावू नये. काकू म्हणाल्या, "काढा बाई एकदाचा. माझं नाव तरी सुटेल." तेव्हा कुठे काका तयार झाले, तेही तोंड पाडून.

वस्तरा चकाचक होऊन आला. दुसऱ्या दिवशी काकांचा गाल असा गुळगुळीत, की काकूंचं बोट पुढे आलं, फिरलं आणि थांबायला जागाच सापडेना. "छान झालीय," म्हणाल्या आणि आत गेल्या. काका कप हातात धरून उभे. रोज हेच व्हायला लागलं. खरं सांगतो, माझी सकाळ बेचव झाली. शेजारी भांडत नसले की माणसाला चैन पडत नाही हे मला तेव्हा कळलं.

मग एका रविवारी मजलाभर आवाज घुमला. "गो, परत? परत माझो वस्तरो?" मी आत धावलो. काकूंच्या हातात तुपाचा डबा, ओट्यावर वस्तरा, आणि धारेला नवा खांडा. "झाकण निघेना. सुरी मेली सापडत नव्हती," काकू म्हणाल्या. सुरी त्यांच्या पुढ्यातच होती, अर्धवट चिरलेल्या कांद्याशेजारी. मला दिसली म्हणजे काकांनाही दिसलीच असणार. पण ते सुरीबद्दल अवाक्षर न काढता मनसोक्त बोंबलत राहिले.

रेघ परत आली, जरा खाली सरकून. त्या वर्सोव्याच्या मुलाचं नाव कुणी काढलं की काका म्हणत, "ऱ्हवां दे तसोच. तिका परत त्रास कित्याक?"

गेल्या वर्षी काका अंथरुणाला खिळले. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून दाढी मी करायचो, माझ्या साध्या रेझरनं. वस्तरा धरायची माझी छाती नव्हती. जायच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस लावत होतो. काकांचे डोळे मिटलेले. स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या, तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"डाव्या गालार जरा सोड रे," ते हळूच म्हणाले. "ती बघूक येतली."

मी सोडली. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे ती रेघ जरा वाकडीच झाली. काकू आल्या, कप खाली ठेवला आणि बोट बरोबर तिथं नेलं.

"इथं राहिलीय हो."

"ऱ्हवतलीच," काका म्हणाले. "डबो कोणी..." आणि दम लागून थांबले.

काकूंनी बोट तसंच ठेवलं. "मी उघडला," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा मीच."