आईने पकडलेली खिडकी

परवा चेन्नईच्या विमानतळावर विमानात चढायला आमच्या गटाला बोलावण्याची वाट पाहत उभी होते. पुढच्या बाईच्या केसांतल्या मोगऱ्याचा वास आला आणि मला साठ सालच्या सुमाराचं मीनंबाक्कम, म्हणजे इथलाच जुना विमानतळ, आठवलं.

तेव्हा तिरुचिरापल्लीच्या त्या विमानात जागांना नंबर नव्हते. जो आधी चढेल, त्याला खिडकी. आईला वरून कावेरी बघायची होती. लग्न होऊन तंजावरहून मद्रासला, तिरुवल्लिकेणीत आल्यापासून ती त्या नदीसाठी झुरत होती. विमानाकडे सोडताच माझी नऊवारीतली आई निऱ्या सावरून भर उन्हात पळत सुटली. केसांतला गजरा नुसता उडत होता.

"अगं हळू, लोक बघतायत!" बाबा ओरडले.

"बघू देत! तुम्ही पिशवी आणा."

शिडीवर पहिली तीच. सोळा वर्षांची मी शरमेने मान खाली घातली. आज तिचं ते पळणं आठवलं, की मला तिचा हेवा वाटतो.

तासाभराने खाली उन्हात चकाकणारी कावेरी दिसली. "अहो, ती बघा, माझी कावेरी!" आईने टाळ्याच वाजवल्या. बाबा तिच्या खांद्यावरून वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "परत जाताना मी पळतो."