बैल नव्हे, भार सांग

ढाणकीत टेलिफोन बंद पडला की लोक तक्रार नोंदवत बसत नसत, सरळ संगीता राठोडला गाठत. कपाशीनं साऱ्या मुलखाच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. संगीता एक्सचेंजमध्ये तंत्रज्ञ होती. तांड्यातली पहिली सरकारी नोकरदार बाई, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. जीभ फटकळ, पण हात सोन्याचा.

फवारणीच्या दिवसांत विष अंगात भिनलेली माणसं गावच्या दवाखान्यात यायची. तिथले डॉक्टर तरुण आणि एकटे. मोठे डॉक्टर यवतमाळला, आणि मधला रस्ता तीन तासांचा. आदल्या हंगामात अंगात विष भिनलेला संगीताचा भाऊ संजय यवतमाळला नेताना त्याच रस्त्यावर, महागावच्या पुढे, जीपमध्येच गेला. म्हणून दवाखान्यात कॅमेऱ्याचं यंत्र आलं, यवतमाळचे डॉक्टर इथला पेशंट तिथून बघणार असं कळलं, तेव्हा तिनं सगळ्या तांड्याला पेढे वाटले.

पेढे जरा लवकरच वाटले म्हणायचे. यंत्र खोक्यातून निघण्याआधीच निरोप आला: यंत्राला चित्र पाठवायला सेकंदाला तीनशे चौऱ्याऐंशी किलोबिट लागतात, ढाणकीत सहाच आहेत, उद्या गाडी येऊन यंत्र परत नेईल.

तो सहाचा आकडा यवतमाळच्या साहेबांना फोनवर संगीतानंच सांगितला होता. संध्याकाळी ती 'सहा कमी कसे पडले' म्हणत धुमसतच घरी आली. सासू भुरीबाई बरबटीच्या शेंगा सोलत होती.

"सहा काय?" तिनं विचारलं.

"चॅनल. एका लाइनीत तीस माणसं एकाच टायमाले बोलतात, म्हणजे तीस चॅनल. त्यातले सहा मोकळे हायेत."

भुरीबाईच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. त्या लदेणीच्या गोष्टी तिला तोंडपाठ. "मंग त्या साहेबानं भार इचारला, अन् तू बैल सांगतले. एका बैलावर किती लादतात, हे त्याले कसं समजन?"

संगीता जागच्या जागी थबकली. एका चॅनलवर चौसष्ट किलोबिट. ट्रेनिंगमध्ये घोकलेलं, पण एक्सचेंजमध्ये कुणी कधी किलोबिट म्हणतच नसे, सगळे चॅनलच मोजत. चौसष्ट सक तीनशे चौऱ्याऐंशी. कमी नाही, जास्त नाही.

"आपून येडेच हावो," ती म्हणाली.

"तू. मी नाही," भुरीबाई म्हणाली.

सकाळी तिनं यवतमाळच्या वामनरावांना फोन लावला. निरोप धाडणारे साहेब तेच. "साहेब, माझे सहा म्हणजे चॅनल. एकेकावर चौसष्ट किलोबिट जातात."

वामनराव म्हणाले, "अरे, मी तर किलोबिटच धरून चाललो. पण बाई, हे सहा वेगळे आहेत. यंत्राला एकच लाइन लागते."

"दोन्हीकडं तेच सहा एकत्र बांधले का एकच होते. मी इकडचे बांधीन, तुमी तिकडचे बांधा."

माणूस भला. दुसऱ्यावर न ढकलता स्वतः उठून मशीनरूममध्ये गेला.

दुपारी यंत्र न्यायला निघालेली गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली, आणि पाठोपाठ तांड्यातल्या हिरासिंगला मोटारसायकलवर मध्ये धरून आणलं. अंग घामानं निथळत होतं, तोंडाला फेस. यंत्र जोडलेलं, पण पडदा काळाच. संगीतानं फोन उचलला. तिनं वामनरावांना त्यांच्याकडचे जोडलेले चॅनल एकेक करून वाचायला लावले. शेवटचा चुकला होता, शेजारचा जोडला गेला होता. त्यांनी तो बदलला आणि पडद्यावर यवतमाळचे डॉक्टर दिसू लागले.

"डोळे दाखवा," ते म्हणाले. हिरासिंगच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. कोणतं इंजेक्शन, किती, पुन्हा केव्हा, हे ते सांगत गेले आणि तरुण डॉक्टर देत गेले. पडद्यावरचे डॉक्टर दुपारभर समोरून उठले नाहीत. दिवस कलता कलता हिरासिंगनं चहा मागितला.

ड्रायव्हरनंही चहा घेतला आणि गाडी रिकामीच परत नेली. तेवढ्यात वामनरावांचा फोन आला. "नोंद करतो, बाई. ढाणकीला किती लिहू?"

"तीनशे चौऱ्याऐंशी किलोबिट," संगीता म्हणाली. मग तिला संजय आठवला. "अन् साहेब, या खेपेले आमचा माणूस रस्त्यात गेला नाही."