गुरुनाथांचा मंगळवार

आता सांगताना माझं मलाच हसू येतं, पण मला आधी वाटलं होतं की आमच्या गुरुनाथांचं बाहेर कुठंतरी प्रकरण चालू आहे.

गुरुनाथ म्हणजे आमचे इथले, अमेरिकेत बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतले टेलर. वय पंचावन्न, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत असताना ते बोलतात, आणि नसल्या की गप्प बसतात. अशा माणसाचं कसलं प्रकरण असणार, एवढं तरी मनात यायला हवं होतं. पण संशय आला की माणूस कुठं विचार करतो? मी तर नाहीच करत.

रूट नाइनवर पिझ्झावाला आणि नेल सलून यांच्या मधे त्यांचं दुकान. मूळचे कराडचे. बहिणीनं ग्रीन कार्डसाठी अर्ज केला, नंबर लागायला बारा वर्षं गेली, तोवर कराडात शिवत होते. इथं उतरले आणि आठवड्याभरात पुन्हा शिवायला बसले. आमचे ब्लाउज, गोऱ्या मुलींचे प्रॉमचे, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या पार्टीचे ड्रेस, कुणाच्या पँटा आखूड करायच्या, सगळं एकटे करतात. हाताखाली माणूस ठेवत नाहीत, कारण तो शिकेल, गिऱ्हाइकांची मापं लिहून घेईल आणि समोर दुकान टाकेल. मापांची वही कुलपात, किल्ली खिशात.

नऊ वर्षांत ते दुकान बंद असलेलं मी पाहिलं नव्हतं. एका जानेवारीत दोन फूट बर्फ पडला. शाळा बंद, ऑफिसं बंद, आमचे राजीव पायजम्यावर बसून मीटिंग करत होते. मी दूध आणायला कशीबशी बाहेर पडले, तर हे गृहस्थ दुकानासमोर फावड्यानं बर्फ ओढतायत. गिऱ्हाईक एक नाही. विचारलं तर म्हणाले, कुणी आलं आणि दार बंद दिसलं तर?

तर असा माणूस. आणि ह्या ऑगस्टमधे मी ब्लाउजची पिशवी घेऊन गेले, तर दारावर कागद, ‘मंगळवारी बंद’. बास. कारण नाही, सॉरी नाही, काही नाही.

पिशवीत काय होतं तेही सांगते. आमच्या मराठी मंडळाची आमरस-पुरीची मँगो पार्टी झाली, त्यानंतर जुलैमधे त्यांनी मला एक निळा ब्लाउज शिवून दिला होता. तो दंडात घट्ट झाला. एवढा की हात वर केला की बोटांना मुंग्या. मी दुकानात जाऊन बोललेच, आणि आमच्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलंही, की गुरुनाथांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. ते म्हणाले, मापाप्रमाणेच आहे. मी म्हटलं, मग माप चुकलं. तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. ओठांत टाचण्या होत्या तरीही.

पुढचा मंगळवार बंद. त्याच्या पुढचाही बंद. ग्रुपवर चर्चा पेटली. माझी मैत्रीण शैलजा म्हणाली, दुकान विकतायत, नक्की. मी म्हटलं, विकणारा माणूस नवे बूट घेतो का? कारण बुधवारी मी पाहिले होते, पांढरेशुभ्र स्नीकर्स. शिवाय रंग रापलेला. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसणारा माणूस रापतो कसा? केसही कापलेले. आता तुम्हीच सांगा.

शनिवारी त्यांची बायको सुलेखा काउंटरवर असते. मी बटणं बघायच्या निमित्तानं गेले आणि हळूच विचारलं. ती बटणांच्या डब्यात बघत म्हणाली, “मंगळवारचं तुम्ही त्यांनाच विचारा.” आवाज असा, की माझी खात्रीच पटली. बिचारी, म्हटलं. घरी येऊन राजीवना सांगितलं, तर ते म्हणाले, अगं, सुट्टी घेतली असेल माणसानं. मी म्हटलं, तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला कंपनी ईमेल पाठवते, रजा उरलीय, संपवा म्हणून. गुरुनाथांना कोण पाठवणार?

शेवटी ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम गाडी काढली. मुद्दामच. आता कशाला खोटं बोलू? त्यांची लाल व्हॅन मला ओळखता येते. मॉलच्या पार्किंगमधे नव्हती, देवळापाशी नव्हती. सापडली ती तळ्यावर. आमच्याकडे एक मोठं तळं आहे, त्याचं नाव वीस वर्षांत मला नीट उच्चारता आलेलं नाही. तिथं होड्या उतरवतात त्या बाजूला व्हॅन, आणि पलीकडे घडीच्या खुर्चीत गुरुनाथ. एकटे. मी झाडामागे दहा मिनिटं उभी राहिले, बाई कुठून येते बघत. बाई आली नाही. थर्मास होता. गुरुनाथ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

मग त्यांनीच मान न वळवता हाक मारली. “या नीनाताई. पानं वाजतात तुमच्या पायाखाली.”

मी पुढे झाले. थोडी लाज वाटली, पण फार नाही. विचारलं, हात का असे? तर म्हणाले, मोकळे सोडले की काम शोधतात. मग मला थर्मासच्या झाकणात चहा दिला आणि हळूहळू बोलले. नऊ वर्षांत एवढं बोलले नसतील.

झालं होतं असं. जूनमधे स्वानंदीच्या लग्नाचा ब्लाउज होता. स्वानंदी म्हणजे इथंच जन्मलेली, बॉस्टनला नर्स असलेली मुलगी. आजीची पैठणी, त्यातलाच ब्लाउज पीस, कापड मोजकं. काठ जुळवायचे म्हणून बाह्या एकेक वेगळ्या कापाव्या लागतात, आणि दुसरी कापताना मापाचा कागद उलटा करायचा. हे कराडात पहिल्या महिन्यात शिकवतात. गुरुनाथ कागद उलटा करायला विसरले. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गेल्या.

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा,” ते म्हणाले. “कात्री ठेवली आणि घाम फुटला.”

साडीच्या आत खोचायच्या टोकातून पट्टी काढून त्यांनी दुसरी बाही केली. त्याआधी स्वतः तिच्या घरी जाऊन चूक सांगितली. ती म्हणाली, “अंकल, नो वन विल नोटिस.” पण ह्यांना दिसत होतं ना. त्यानंतर झोप लागेना. प्रत्येक कापड कापायच्या आधी तीनदा मोजायचे, तरी हात पुढे जाईना. डोळे गेले असं वाटलं. डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाली, डोळे उत्तम आहेत, शेवटची सुट्टी कधी घेतलीत? ह्यांना त्या डॉक्टरणीचाच संशय आला. औषध देत नाही, चष्मा देत नाही, म्हणजे काहीतरी लपवते.

“मग मनावर का घेतलंत?” मी विचारलं.

ते तळ्याकडे बघत म्हणाले, “तुमचा निळा ब्लाउज. स्वानंदीचं एक झालं, ते चुकून झालं म्हटलं असतं. पण तुम्ही म्हणालात माप चुकलं. दोनदा चुकला, म्हणजे हात गेला. हात गेला तर मी दुकान उघडून बसू कशासाठी?”

मी चहाचं झाकण खाली ठेवलं. मी म्हटलं, दारावर निदान कारण तरी लिहायचं, आम्ही काय काय समजून बसलो. त्यावर म्हणाले, कारण लिहिलं की गिऱ्हाईक कारणाशी भांडतं. आणि सुलेखानं का नाही सांगितलं? तिनं शपथ घेतली होती म्हणे. लोकांना कळलं टेलर आपल्या हाताला घाबरला, तर कोण कापड देईल?

आधी हे मंगळवार त्यांना जड गेले. पहिल्या मंगळवारी चार वेळा व्हॅन सुरू केली, दुकानावरून चक्कर मारली, दाराशी कुणी उभं आहे का बघितलं. दुसऱ्या वेळी दोनदा. मग बूट घेतले आणि तळ्याकाठी चालायला लागले. आता बुधवारी कात्री हातात घेताना हात अडत नाही असं वाटतं, म्हणाले, पण खात्री नाही. ह्या खात्रीसाठीच सगळं थांबलंय. दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या की नाही, तेही.

तेवढ्यात एक गोरा पळत पुढून गेला. गुरुनाथ पुटपुटले, उजवा पाय अर्धा इंच लांब आहे त्याच्या पँटीचा. मी म्हटलं, बघा, डोळे शाबूत आहेत तुमचे. ते म्हणाले, पँटीचं कुणीही सांगेल. मग मी बरोबर आणलेल्या ब्लाउजच्या पिशवीत हात घातला, तर त्यांनी मान हलवली. पिशवीतून निळी बाही डोकावत होती. आज मंगळवार, उद्या या, म्हणाले.

बुधवारी गेले. जाताना पर्समधे माझी स्वतःची टेप घेतली होती, कारण त्यांची टेप नऊ वर्षं गळ्यात लटकून ताणली असणार, असा माझा दाट संशय. त्यांनी कुलूप काढलं, वही काढली, माझं पान उघडलं. दंड, साडेबारा इंच, मागच्या वर्षी घेतलेलं माप. मग ब्लाउज मोजला. शिवणीला शिवण, साडेबारा आणि वर जरा सैल. मग माझा दंड मोजला आणि टेप माझ्याकडे वळवली. पावणेचौदा.

मी म्हटलं, टेप जुनी आहे. त्यांनी काउंटरखालून कोरी टेप काढली, प्लास्टिकसकट. पावणेचौदा. मी म्हटलं, आज स्वेटर आहे. स्वेटर काढला. मी म्हटलं, दुकानदाराच्या टेपा सगळ्या एकाच माळेच्या, आणि पर्समधून माझी काढली. त्यांनी ती शांतपणे गुंडाळली दंडाभोवती, हात स्थिर, आणि बाजूला झाले.

“मोठ्यानं वाचा, ताई.”

“पावणेचौदा.”

शनिवार नव्हता तरी सुलेखा आली होती त्या दिवशी, आणि तिनं बटणांच्या डब्यात तोंड लपवलं. गुरुनाथांनी ओठांत चार टाचण्या धरल्या, ब्लाउज उलटा करून शिवण उसवायला घेतली आणि आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड मला दाखवलं. दीड इंच होतं, दोन्ही बाजूंना.

“जुलैमधेच अंदाजानं जास्त सोडलं होतं, पण तुम्ही माप चुकलं म्हणालात आणि माझा अंदाजावरचाही विश्वास उडाला,” ते म्हणाले. “मँगो पार्टीला तुमच्या शेजारी बसलो होतो मी.”